पासवर्डाचे तीन वाटेकरी

आधीच सांगून ठेवतो, माझं काहीही चुकलेलं नाही. म्हैसूरला आमच्या गल्लीत तुम्ही कुणालाही विचारा, तो सांगेल की मादप्पानं बायकोच्या बाहुल्यांचं बक्षीस घालवलं. सांगू दे. ही माणसं आपल्याच घरात बसून कॉफी पितात आणि पेला खाली ठेवायच्या आत आपल्याचबद्दल बोलायला लागतात.

मी मोटार रिवाइंडिंगवाला. जळालेला पंप आणा, मी त्याची तार सोडतो, नवी भरतो, वार्निश मारतो, तुमच्या टाकीत पाणी चढतं. शाळा मी चौथीत सोडली की शाळेनं मला सोडलं यावर आमच्या घरात एकमत नाही. पण यंत्र म्हणजे काय ते मला कळतं. यंत्राला मान लागतो. कॉम्प्युटरलाही लागतो, एवढंच माझं म्हणणं होतं.

हा कॉम्प्युटर आमच्या भानुमतीनं पाठवला. ती मस्कतला असते. नातू झाला, तो आईला दिसावा म्हणून. सर्वमंगला, म्हणजे आमची मंडळी, रोज संध्याकाळी साडी बदलून त्याच्यासमोर बसायची. नातू पडद्यात यायचा, रडायचा, जायचा. सगळं छान चाललेलं.

मग एक दिवस मला पत्र आलं. कॉम्प्युटरवर. 'अभिनंदन! तुम्हाला परदेशी सोडतीत मोठं बक्षीस लागलं आहे. इथे दाबा.' आता मला सांगा, जन्मात कुणी मला अभिनंदन म्हटलेलं नाही. लग्नातसुद्धा लोक सासऱ्याला म्हणाले. मी दाबलं.

दाबल्यावर त्या यंत्राला जे काही झालं ते मी जळक्या मोटारीतही पाहिलेलं नाही. पडद्यावर आपोआप खिडक्या उघडायला लागल्या. एक बंद करावी तर चार उघडायच्या. त्यातल्या बायांचे कपडे बघून सर्वमंगलानं पडद्यावर टॉवेल टाकला. टॉवेलाखाली ते चालूच. शेवटी मी प्लग उपटला. पण तोवर त्यानं माझ्या नावानं तेच पत्र भानुमतीला, जावयाला आणि जावयाच्या मस्कतच्या साहेबाला पाठवलेलं. साहेबानंही दाबलं. जावई महिनाभर माझ्याशी 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलत होता. सासऱ्याच्या नावानं जावयाच्या कचेरीत तसल्या बाया नाचल्या म्हणजे माणसानं तोंड कुठे लपवायचं?

दुरुस्तीवाला आला, यंत्र धुऊनपुसून देऊन गेला. म्हणाला, अँटीव्हायरस टाकलाय, अनोळखी पत्र उघडू नका, पासवर्ड कुणाला सांगू नका, फोनवर तर मुळीच नाही. संपलं. एवढंच करायचं होतं. पण आमच्या गल्लीत कुणाचं काही एवढ्यावर संपत नाही.

पहिले आले रामप्रिय मास्तर. हे पोस्टमास्तर होते. निवृत्त झाले, पण नाकावरचा चष्मा अजून खिडकीतूनच बघितल्यासारखा बघतो. म्हणाले, "मादप्पा, ज्या पत्रावर शिक्का नाही ते पत्रच नाही. त्या तुझ्या डब्यातल्या एका तरी पत्रावर शिक्का आहे का?"

"नाही मास्तर."

"मग झालं तर!" आणि कॉफीला हात पुढे.

मग नूरुल्लासाहेब. त्यांची कोपऱ्यावर बेकरी आहे. त्यांचं म्हणणं, "अण्णा, पीठ उघडं ठेवलं की त्यात पोरकिडे होतात. तसंच आहे हे. झाकून ठेव." सर्वमंगलानं जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला. दुहेरी. चालू असतानाही घालून ठेवला तर यंत्र भट्टीसारखं तापलं, तेव्हा नूरुल्लासाहेब म्हणाले, "वा! आता एक किडा जगायचा नाही."

समोरच्या विशालाक्षम्मा रस्त्यापलीकडूनच ओरडून म्हणाल्या, "तो वरचा काचेचा डोळा आधी बंद कर रे! त्यातनं परदेशातले लोक तुझ्या घरात बघतात!" नातवाला आजी दिसावी म्हणून लावलेला कॅमेरा तो. त्याच्यावर मी टिकली चिकटवली. त्या दिवसापासून नातवाला आजीच्या जागी नुसतं लाल दिसायला लागलं.

पण खरं डोकं मी लावलं ते पासवर्डात. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक तुमच्याकडे, एक मॅनेजरकडे. आपण त्याच्या पुढे जायचं. मी पासवर्डाचे तीन तुकडे केले. पहिला रामप्रिय मास्तरांकडे, मधला नूरुल्लासाहेबांकडे, शेवटचा विशालाक्षम्मांकडे. माझ्याकडे एकही नाही. म्हणजे मला कुणी फसवलं तरी काय मिळणार? घंटा!

आता विशालाक्षम्माच का, असं सर्वमंगलानं विचारलं. विचारताना तिच्या हातात लाटणं होतं. कारण या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. दसऱ्याच्या बाहुल्यांवरून. दसऱ्यात आमच्याकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, दर वर्षी त्यांची दसरा समितीतर्फे स्पर्धा असते आणि दर वर्षी विशालाक्षम्मा पहिल्या. त्यांच्याकडे सासऱ्याच्या सासऱ्याच्या वेळच्या चंदनी बाहुल्या, हत्तीवर चांदीची अंबारी. आमची सर्वमंगला माती मळून स्वतः बाहुल्या करते, आणि तिला आजवर उत्तेजनार्थसुद्धा नाही. मी म्हटलं, "अगं, तेच तर! ज्या दोघी बोलत नाहीत त्या संगनमत कशा करणार? याला म्हणतात सुरक्षा."

"नातवाचा फोटो बघायला मी आता पंचायत बोलवायची?"

"बोलवायची."

आणि बोलवावीच लागायची. मास्तर येणार, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, मास्तर एका बोटानं आपला तुकडा मारणार. मग नूरुल्लासाहेब, हाताला मैदा. मग विशालाक्षम्मा. त्या मारणार, वळणार, कॉफीला न शिवता चालत्या होणार. तोवर मस्कतला नातू झोपलेला.

तर असा आमचा बंदोबस्त. आणि आला दसरा.

यंदा सर्वमंगलानं काय केलेलं माहीत आहे? नऊ पायऱ्यांवर आमची अख्खी गल्ली. वरच्या पायरीवर रिवाजाप्रमाणे राजा-राणीची लाकडी जोडी, आणि खाली बेकरी, पोस्टाची पेटी, केळीवाली, माझं दुकान, सगळं मातीचं. चार महिने खपली. बोटांना भेगा पडल्या. भानुमतीनं तिकडून फोटो स्पर्धेला पाठवले. यंदा नाही तर कधीच नाही, असं ती मला नाही म्हणाली, देवाला म्हणाली. पण ऐकू जाईल अशा आवाजात.

आयुधपूजेच्या सकाळी माझा नेम असतो. प्रत्येक यंत्र एकदा चालवून बघायचं, पुसायचं, मग गंधफूल वाहून पूजेत बसवायचं. एकदा पूजेत बसलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. सुरी नाही, पाना नाही, टेस्टर नाही. त्या दिवशी आमच्याकडे भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात. म्हणून कॉम्प्युटरही एकदा चालू करून बघायचा होता. तिघे आले, तुकडे मारले. विशालाक्षम्मा गेल्या. आणि पडद्यावर पत्र.

'अभिनंदन! आपली बाहुल्यांची मांडणी अंतिम फेरीसाठी निवडली आहे. परीक्षक विजयादशमीच्या सकाळी येतील. आयुधपूजेच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत याच पत्राला उत्तर देऊन कळवावे, अन्यथा नाव वगळण्यात येईल.'

सर्वमंगलानं तोंडावर हात घेतला. डोळे भरले तिचे.

मी म्हटलं, "थांब."

"काय थांब?"

"पहिला शब्द वाच. काय आहे? अभिनंदन. मागच्या वेळी काय होतं? अभिनंदन. वर घाई. वर धमकी. हे तेच आहेत!"

मास्तर वाकून बघत म्हणाले, "शिक्का नाही."

"अहो, बाहुल्यांचं लिहिलंय त्यात! सोडतवाल्यांना माझ्या बाहुल्या काय माहीत?"

"त्या डोळ्यातनं बघितल्या असतील," नूरुल्लासाहेब म्हणाले. "टिकली उशिरा लावली ना."

बघा, तिघा कर्त्या पुरुषांचं एकमत. मी यंत्र बंद केलं आणि रीतसर पूजेत बसवलं. गंधाची बोटं, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार, वर लिंबू. कळफलकावर जरा सढळ हातानं वाहिलं, कारण सगळा धोका तिथूनच आत जातो. टेलिफोनच्या वायरीतून नेट येतं, म्हणून ती वायर उपटून, गुंडाळून, तिलाही फूल वाहिलं. ओढताना तिची पिन तुटली, पण धोक्याचा रस्ता तर बंद झाला! मग दारात कुंकू भरून कोहळा फोडला. लोक गाडीसाठी फोडतात, मी कॉम्प्युटरसाठी फोडला. कोहळ्याचा एक तुकडा विशालाक्षम्मांच्या रांगोळीत गेला, तो विषय वेगळा.

सर्वमंगला म्हणाली, "उत्तर पाठवायचंय मला."

"आता पूजा झाली. उद्या."

"उद्या नाव गेलेलं असेल."

"खोटंच आहे ते!"

तिनं पाठ फिरवली. आत गेली आणि माती मळायला बसली. नवरा-बायकोत भांडण असावं, भांडी आपटावीत, माहेरचा उद्धार व्हावा, मला सगळं चालतं. पण ती गप्प बसली की घरातला पंखासुद्धा जपून फिरतो.

मी घाबरलो नाही. मी फक्त चप्पल घातली आणि सहज फिरत फिरत समितीच्या कचेरीत गेलो. सहज. कुणी म्हणेल बायकोला भिऊन गेला, तर तसं नाही.

वाटेत कोपऱ्यावरचं नेट कॅफे बघितलं. सगळ्या मशीनांना हार, मालक बाहेर बसून चुरमुरे खातोय. समितीच्या कचेरीत बोरेगौडा नावाचा कारकून टेबलाशी बसलेला. टेबलावर पाटावर वही, वहीवर पेन, पेनावर कुंकू. मी विचारलं, "गौडा, हे अंतिम फेरीचं पत्र तुमचंच का?"

"आमचंच. काल सगळ्यांना गेलं. तुम्ही कोण?"

मी टेबलावर वाकलो. म्हटलं, "मी सर्वमंगलाचा नवरा. आम्ही येतोय म्हणजे तुम्ही या. लिहून घ्या."

"लिहू कशानं? पेन पूजेत आहे."

"मग माझं घ्या."

"तुमचं पेन पूजेत नाही?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी खिशावर हात ठेवला. "आणि लिहू कशात? वही पूजेत आहे."

"लक्षात ठेवा मग!"

"अण्णा, सरकारी नसलो तरी समिती आहे. तोंडी काही चालत नाही. कळवायचं ते कॉम्प्युटरवरून."

"अहो, माझाही पूजेत आहे!"

"मग बरोबर आहे की," बोरेगौडा म्हणाला. "उद्या या."

"उद्या नाव जाईल!"

"हो, ते जाईल."

असल्या माणसाशी काय बोलणार? त्याचं चुकत नव्हतं हेच वाईट होतं. मीही तेच केलं असतं.

परत येईपर्यंत ऊन उतरायला लागलेलं. मी आयुष्यात आयुधपूजेला पान्याला हात लावलेला नाही. एकदा गिऱ्हाईक हातापाया पडत होतं, लग्नघरचा पंप होता, तरी नाही. पण घरात आलो तर सर्वमंगला पाठमोरी बसून माती मळतेय, आणि त्या भेगाळलेल्या बोटांनी. मी कॉम्प्युटरला नमस्कार केला. म्हटलं, बाबा, राग धरू नको, घरचा मामला आहे. आणि तिघांना बोलवायला पळालो.

मास्तर आले. नूरुल्लासाहेब आले. विशालाक्षम्मांच्या घरी हळदीकुंकवाला बायका बसलेल्या. मी दारातच उभा राहून घसा खाकरला. "वहिनी, तुमचा तुकडा पाहिजे. मंगलाचं अंतिम फेरीत नाव आहे. उत्तर द्यायचंय."

त्या म्हणाल्या, "मला कालच आलं पत्र. पुतण्यानं उत्तर दिलं पण."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का? माझी पाळी येईपर्यंत मला भिंतीकडे उभी करतोस." मग हातातलं ताट शेजारणीकडे देऊन पदर खोचला. "चल. तिला मी समोरासमोर हरवीन. यादीतून गळालेल्या बाईला हरवण्यात कसली आलीय मजा?"

लिंबू काढलं, हार काढला, यंत्र चालू केलं. मास्तरांनी पहिला तुकडा मारायला घेतला. बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. एक कळ आत गेली ती वर येईना. गंध वाळून दगड झालेला, खाली अक्षता, वर हळदीचा चिखल. नूरुल्लासाहेबांनी जोरानं फुंकर मारली, ती सगळी मास्तरांच्या चष्म्यावर. मी स्क्रूड्रायव्हर काढणार होतो, पण तोही पूजेत. विशालाक्षम्मा कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "व्हायरस काही आत शिरायचा नाही हो. बघितलं मी. माणूससुद्धा शिरू शकत नाही."

सर्वमंगला दाराशी येऊन उभी. हात मातीनं भरलेले.

मग मला सुचलं. भानुमती! तिघांचे तुकडे जोडून पासवर्ड तिला सांगायचा, ती मस्कतहून उत्तर पाठवेल. वायरीची पिन तुटल्यानं घरचा फोन मेलेला, म्हणून नूरुल्लासाहेबांचा मोबाइल घेतला. "भानू, मी बाबा बोलतोय. पासवर्ड सांगतो, लिहून घे."

पलीकडून, "कोण बोलतंय?"

"अगं, मी! बाबा!"

"माझे बाबा फोनवर कधीच पासवर्ड सांगणार नाहीत. आणि हा नंबरही त्यांचा नाही. आवाज मात्र हुबेहूब काढलाय हं! लाज नाही वाटत म्हाताऱ्या माणसांच्या नावानं लोकांना फसवायला?" आणि फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना. तिनं नंबरच अडवून टाकलेला.

काय सांगू, रागही आला आणि छातीही फुगली. मीच शिकवलेलं ते तिला.

बाहेर दिवे लागले. सूर्यास्त झाला. नाव गेलं.

रात्री कुणी जेवलं नाही. खोटं कशाला सांगू, मी थोडं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खाल्लं.

सकाळी उठलो ते ठरवूनच. म्हटलं, "मंगला, बाहुल्या बाहेर काढतो."

कालपासून तिचं पहिलं वाक्य आलं. "बाहेर म्हणजे?"

"रस्त्यावर. परीक्षक समोरच्यांकडे येणार ना? आपल्या दारावरूनच येणार."

तिनं माझे हात बघितले. म्हणाली, "आधी हात धुवा. आणि राजा-राणीला पहिलं उचला."

नूरुल्लासाहेबांनी बेकरीतले पावाचे ट्रे आणले. त्यात मातीची गल्ली बसून खऱ्या गल्लीत आली. दुकानाची बाकडी लावून पायऱ्या केल्या. विशालाक्षम्मा दारात. "माझ्या दारासमोर अडथळा करतोस होय रे?"

"रस्ता आहे हा वहिनी. तुमची अंबारी नाही."

त्या आत गेल्या. मला वाटलं काठी आणतायत. त्या रेशमी कापड घेऊन आल्या आणि माझ्या अंगावर फेकलं. "बाकड्यांवर घाल. मोटारीचं तेल दिसतंय त्यांच्यावर. शोभा घालवशील गल्लीची."

परीक्षक आले. जाड चष्म्याच्या एक बाई, एक टक्कलवाले प्राध्यापक, आणि मागे बोरेगौडा, वही काखेत, पेन कानावर. पूजा उठलेली ना. त्यानं वही उघडून बोट फिरवलं. "हे घर यादीत नाही."

मी आडवा आलो. "माहीत आहे. म्हणून घरात नाही ठेवलं. रस्ता कुठल्या यादीत आहे ते दाखव."

"अण्णा, नियम—"

"नियमानं बघू नका मग! डोळे मिटून जा. मी हात धरून पलीकडे पोहोचवतो."

पण त्या चष्मेवाल्या बाई तोवर वाकलेल्या. खालच्या पायरीवर एक नवी मांडणी होती, मीही तेव्हाच पहिल्यांदा बघितली. काल दिवसभर गप्प बसून हे चाललेलं! इवलासा कॉम्प्युटर, त्याला पडद्याचा अभ्रा, वर मोहरीएवढं लिंबू. तीन माणसं भिंतीकडे तोंड करून उभी, त्यातल्या एकाच्या हाताला मैदा. आणि मधोमध मिशा, बनियन आणि हातात काठी असलेला एक माणूस, डोळे वटारून.

बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"आमचे हे," सर्वमंगला म्हणाली. "कॉम्प्युटर राखतायत."

"कुणापासून?"

"माझ्यापासून."

त्या बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसायला लागला. प्राध्यापक हसले. बोरेगौडासुद्धा वहीआड हसला. लोक जमले. विशालाक्षम्मांच्या अंबारीकडे जायच्या आधी सगळी गल्ली आमच्या बाकड्यांपुढे वाकून स्वतःला शोधत होती.

पहिलं बक्षीस विशालाक्षम्मांनाच गेलं. जाणारच. यादीत आम्ही नव्हतो. पण त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या, आणि कॉफी घेतली. पेलाभर. गल्लीतली आपली बाहुली बघून सर्वमंगलाला म्हणाल्या, "माझं नाक एवढं मोठं आहे होय गं?" झालं, बोलणं सुरू. आता पासवर्डाचा तिसरा तुकडा दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल. सुरक्षा गेली.

पुढच्या आठवड्यात दुपारी दार वाजलं. उघडलं तर दोन अनोळखी माणसं, हातात खोकं, खोक्यावर पत्र, तोंडभर हसू. म्हणाले, "अभिनंदन!"

मी दार लावून घेतलं. कडी घातली.

आतून सर्वमंगला ओरडली, "कोण आहे हो?"

"व्हायरस!"

मागच्या दारानं जाऊन मी रामप्रिय मास्तरांना घेऊन आलो. त्यांनी खिडकीच्या गजातून हात घालून त्या लोकांचं पत्र घेतलं, चष्मा चढवला, उन्हात धरून बघितलं. "मादप्पा," ते जड आवाजात म्हणाले, "शिक्का आहे."

तेव्हा कुठे कडी काढली. परीक्षकांनी आपल्या खिशातून खास बक्षीस पाठवलेलं, पितळेचा दिवा. त्या दोघांना मी कॉफी पाजली, बिस्किटं दिली, पण माफी मागितली नाही. कशाबद्दल मागायची? उद्या कुणी खरंच सोडतवाला खोकं घेऊन आला तर? माझ्या दारात अभिनंदन म्हणणाऱ्यानं आधी कडीबाहेर उभं राहायचं, मग चौकशी, मग कॉफी. हा नियम आहे आणि तो बदलणार नाही.

दसरा उठला, बाहुल्या पेटीत गेल्या. तो काठीवाला मात्र सर्वमंगलानं बाहेरच ठेवला, कॉम्प्युटरशेजारी, आणि त्याच्यापुढे तो पितळी दिवा. कॅमेऱ्यावरची टिकली काढून तिनं स्वतःच्या कपाळाला लावली. नातवाला आता आजी दिसते, दिवा दिसतो आणि मिशावाला दिसतो. त्याला बघून तो रडायचा थांबतो म्हणे.

"आता याला राखा," ती मला म्हणाली.

राखतोय.